आई-बाबा, मखमलाबादचा प्लॉट विकू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचा मेसेज वाचला. प्लॉटला गिऱ्हाईक आलंय, भावही बरा देतोय, पैसे पाठवतो म्हणजे तू एकाऐवजी दोन बेडरूमचं घे, असं तुम्ही लिहिलंय. फोनवर हा विषय निघाला की तुमचा आवाज चढतो, आई रडवेली होते आणि मला पुढे बोलवत नाही. म्हणून सगळं नीट लिहूनच कळवते. प्लॉट विकू नका. मला एक बेडरूम पुरते, आणि ती माझ्या पैशांत बसते.

घर टोरांटोच्या डाउनटाउनमध्ये, सिटीप्लेसला आहे. हा सगळा भाग पूर्वी रेल्वेच्या यार्डाचा. रूळ निघाले आणि तिथे काचेचे टॉवर उभे राहिले. पूर्वेला सीएन टॉवर, दक्षिणेला गार्डिनर एक्सप्रेसवे, उत्तरेला अजून चालू असलेले रूळ आणि त्यांवरून युनियन स्टेशनला जाणाऱ्या हिरव्या-पांढऱ्या ‘गो’ नावाच्या लोकल ट्रेन. आई, फोटो बघून तू म्हणालीस, इथे माणसं राहतात की नुसत्या लिफ्ट? राहतात गं, आणि मुलंबाळं घेऊन राहतात. टॉवरच्या मधोमध कनू लँडिंग नावाची मोठी बाग आहे. तिच्यात डग्लस कूपलंड या कलाकारानं केलेली लाल होडी उंचावर ठेवलीय; तिच्यात उभं राहिलं की एक्सप्रेसवेच्या पलीकडचं तळं दिसतं. बागेतून, कर्करोगाशी झुंजत धावलेल्या टेरी फॉक्सच्या स्मरणार्थ आखलेली मैलभराची पायवाट जाते. तुझं संध्याकाळचं फिरणं तिथे आरामात होईल. बागेला लागून शाळा आणि कम्युनिटी सेंटर आहे, आणि थोडं चालत गेलं की लायब्ररी. मावशी म्हणते तसं शहराबाहेर, मिल्टन गावात अंगणवालं घर घेतलं, तर रोजचे दोन-अडीच तास गाडीत जातील. इथून मी ऑफिसला पायी जाते. गाडी नाही, म्हणून पार्किंगही घेत नाहीये. इथे ते वेगळं विकत घ्यावं लागतं आणि त्याचा मेंटेनन्सही वेगळा.

आता घर आतून. इथल्या जाहिरातीत ‘५०० ते ५९९ चौरस फूट’ एवढंच छापतात, म्हणून मी टेप घेऊन गेले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं. आतलं क्षेत्रफळ ५६० च्या आसपास भरलं, बाल्कनी सोडून. बेडरूमला स्वतःची खिडकी आणि खरं, बंद होणारं दार आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण इथे कितीतरी ‘एक बेडरूम’ म्हणजे हॉलच्या मागचा, बिनखिडकीचा, सरकत्या काचेनं आडोसा केलेला कोपरा असतो. तसली दोन घरं मी दारातूनच परत फिरून सोडली. स्वयंपाकघर हॉलमध्येच आहे, एका भिंतीला लागून. शेगडी विजेची. वरची चिमणी धूर बाहेर टाकत नाही, गाळून पुन्हा आतच सोडते. तेव्हा खमंग फोडणी घातली की बाल्कनीचं दार उघडायचं, आणि जानेवारीत ते जिवावर येणार. या घरातली मला न आवडलेली गोष्ट हीच. बाकी उजेड इतका आहे की दुपारी दिवा लावावा लागत नाही.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. तुम्ही इतकी वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होता, म्हणून तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. इथे काँडो, म्हणजे आपल्याकडचा फ्लॅटच, घेण्याआधी ‘स्टेटस सर्टिफिकेट’ मागवतात. शंभर डॉलर फी, आणि मागितल्यावर दहा दिवसांत द्यायचं असा कायदा आहे. इमारतीचं बजेट, ऑडिट, नियम, चालू असलेले कोर्टकज्जे, विकणाऱ्याची थकबाकी, सगळं त्यात येतं. सर्वांत महत्त्वाचा रिझर्व्ह फंड, म्हणजे आपला सिंकिंग फंड. दर तीन वर्षांनी तज्ज्ञाकडून त्याचा अभ्यास करून घ्यावा लागतो: छप्पर कधी बदलायचं, लिफ्ट कधी, बेसमेंटचं वॉटरप्रूफिंग कधी, आणि त्यासाठी आज किती साठवायला हवं. फंड कमी पडला की प्रत्येक घरमालकावर एकरकमी जादा वर्गणी बसते. आधी पाहिलेल्या एका इमारतीत नेमकं हेच समोर दिसत होतं. घर देखणं होतं, मेंटेनन्सही कमी होता. कमी का, ते कागद वाचल्यावर कळलं. ते मी सोडलं. या इमारतीचा मेंटेनन्स महिन्याला साडेचारशे डॉलरच्या जवळ जातो. त्यात पाणी, हीटिंग आणि इमारतीचा विमा येतो, वीज वेगळी. आकडा मोठा वाटेल, पण वकिलांनी फंड तपासून ठीक म्हटलंय.

किंमत ५,६०,००० डॉलर ठरली आहे. मार्च २०२२ पासून इथल्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर पाव टक्क्यावरून चढवत जुलै २०२३ ला पाच टक्क्यांवर नेला, आणि भाड्यावर देण्यासाठी काँडो घेणाऱ्यांची गणितं कोसळली. पुढे दर उतरले, तरी ते गुंतवणूकदार परतले नाहीत. म्हणून आज माझ्यासारख्या राहायला येणाऱ्या माणसाला घासाघीस करता येते. भाव आणखी पडेल का? पडेलही. मला विकायचं नाही, राहायचंय.

वीस टक्के, म्हणजे १,१२,००० डॉलर मी भरतेय. त्याहून कमी भरलं तर कर्जाच्या विम्याचा बोजा वाढतो. पैसे जमले आहेत: काही निवृत्तीच्या खात्यातून, काही पहिल्या घरासाठीच्या करमुक्त बचत खात्यातून, आणि उरलेले माझी साधी बचत. तुम्ही प्लॉट विकून पाठवायचं म्हटलंत तर आधी भांडवली नफ्यावर कर, मग दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापणार, आणि तो परत मिळेपर्यंत तुम्ही खोळंबणार. तुमच्या म्हातारपणाची ती एकच भक्कम पुंजी आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. त्या पैशांची दुसरी बेडरूम मला झोप लागू देणार नाही.

आणि गंगापूर रोडच्या फ्लॅटवर माझं नाव लावून ठेवतो म्हणालात, तेही आत्ता नको. इथे घर घेताना प्रांताचा आणि शहराचा असे दोन कर लागतात, मिळून १५,३५० डॉलर. पहिलंच घर असेल तर त्यातले ८,४७५ माफ होतात. पण अट अशी की जगात कुठेही, कधीही, घरात तुमचा हिस्सा नसावा. नाशिकच्या फ्लॅटवर नाव चढलं की ही सूट गेली. तेव्हा बक्षीसपत्राच्या वकिलांना निदान माझं क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा व्यवहार पुरा, होईपर्यंत थांबायला सांगा.

आई, तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात आहे ते मला कळतं: एकटीनं एका खोलीचं घर घेतलं म्हणजे हिनं लग्नाचा विचार सोडला. तसं काही ठरवलेलं नाही. कोणी भेटलं, जमलं, तर दोघांचा संसारही इथे सुखानं होईल. नाही जमलं, तरी भाड्याच्या घरात दर वर्षी घरमालकाच्या पत्राची धास्ती मला आता नको आहे. मी माझ्या पायावर उभी राहावं म्हणून तूच हट्टानं शिकवलंस ना मला?

तुम्ही याल तेव्हा बेडरूम तुमची, मी हॉलमध्ये सोफा-बेडवर. ताई आणि मुलं बरोबर आली तर इमारतीत पाहुण्यांसाठी खोली आहे, रात्रीच्या हिशोबानं मिळते. मात्र सुपर व्हिसाच्या (आई-वडिलांना इथे जास्त दिवस राहता येणाऱ्या व्हिसाच्या) अर्जाला लागायचं असेल तर आईचा पासपोर्ट आधी रिन्यू करून घ्या. आणि मे महिन्याच्या आधी यायचं नाही, आईला थंडी सोसणार नाही.

कर्जाला बँकेनं होकार दिलाय. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला ऑफरमध्ये मी घातलेल्या अटी मागे घ्यायच्या आहेत. त्यानंतर माघार नाही. स्टेटस सर्टिफिकेट तुम्हाला ईमेल केलंय. बाबा, सगळं वाचत बसू नका, पण रिझर्व्ह फंडाचा तक्ता आणि ऑडिटरचा शेरा मात्र तुमच्या नजरेखालून जाऊ दे. कुठे शंका आली तर गुरुवारी रात्रीपर्यंत लिहा, म्हणजे मला वकिलांना विचारता येईल.

तुमची लेक