गिअरबॉक्स न उघडल्याबद्दल आभार

सातपूरच्या मिस्त्रीकाकांना,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘राहू द्या हो’ म्हणून पान्ह्यांच्या पेटीकडे वळता, म्हणून हे जाहीर पत्र. नाव मुद्दाम घातलेलं नाही. नाहीतर नाशकातल्या सगळ्या म्हाताऱ्या गाड्या तुमच्या शटरसमोर येऊन उभ्या राहायच्या आणि तुमच्या शिव्या मला पडायच्या.

आमची स्टँडर्ड व्हॅनगार्ड ही जुनी इंग्लिश मोटार सासरेबुवांनी जिवापाड जपलेली. तिच्या गिअरबॉक्सच्या पाठीला लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह आहे. मूळ कल्पना एडगर द नॉर्मनव्हिल या इंग्रज इंजिनिअरची, तयार केला शेफील्डच्या लेकॉक कंपनीने. टॉप गिअरला असताना स्विच टाकला की गाडीचा वेग तोच राहतो आणि इंजिनाचे फेरे साधारण पाचव्या हिश्श्याने उतरतात. कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली की त्याची खरी मजा.

तो लागत होता, पण सुटेना. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच निकाल दिला: गिअरबॉक्स उतरवू, ओव्हरड्राइव्ह भंगारात घालू. पार्ट मिळत नाहीत म्हणे. कुठला पार्ट, हे मात्र त्याला सांगता येईना.

तुम्ही आधी बॉनेटवर हात ठेवून गाडी अडवलीत. “मागे एक वीतभरही घ्यायची नाही.” ओव्हरड्राइव्ह अडकलेला असताना गाडी मागे घेतली, तर आतला एकाच दिशेला मोकळा फिरणारा क्लच आवळतो, तुटतो, आणि मग खरोखरच सगळं उतरवावं लागतं. म्हणून लांबून वळसा घालून तोंडाकडून शेडमध्ये घेतली. “आता नीट झाल्याशिवाय बाहेर निघायची नाही,” म्हणून वर हसलात.

मग पान्हा न उचलता तपासणी. इंजिन बंद, चावी चालू, टॉप गिअर टाकलेला, आणि मी स्विच खालीवर करायचा. तुम्ही खाली आडवे. सोलेनॉइडचा, म्हणजे ओव्हरड्राइव्हचा लिव्हर विजेने ओढणाऱ्या चुंबकाचा, ‘टक’ येत होता आणि जातही होता, म्हणजे वायरिंग निर्दोष सुटलं. सोलेनॉइड ओढलेला असताना लिव्हरच्या भोकातून 3/16 इंची ड्रिल सरळ बॉडीच्या भोकात गेलं, म्हणजे सेटिंगही सुटलं. ते चुकलेलं असेल तर सोलेनॉइडची ओढणारी जाड वाइंडिंग चालूच राहते आणि जळते, हे माझ्या मुलाला तुम्ही ज्या निवांतपणे समजावलंत, तेवढा वेळ आजकाल डॉक्टरही देत नाहीत.

आतलं प्रेशर उतरावं म्हणून स्विच पुन्हा दहा-बारा वेळा मारायला लावलात. फ्लोअरचं झाकण काढलं, वरचा प्लग सोडवला, स्प्रिंग, प्लंजर, गोळी एकेक करून थाळीत ठेवली आणि वाकवलेल्या तारेने व्हॉल्व्ह अलगद वर ओढून घेतलात. त्याच्या खालच्या टोकाशी सुईने टोचावं तेवढं भोक. स्विच बंद केल्यावर तेल तिथूनच हळूहळू परत जातं आणि ओव्हरड्राइव्ह सुटतो. तुम्ही ते उजेडाला धरलंत. आरपार काहीच दिसेना. काळ्या चिकट गाळात कॉटन वेस्टचा, म्हणजे हात पुसायच्या कापसाचा, एक धागा रुतून बसला होता. एवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरणार होता!

स्टीलची तार मी पुढे केली, ती तुम्ही बाजूला सारलीत. भोक मोठं झालं तर संपलंच. वायरमधली तांब्याची एक बारीक तार काढून धागा सोडवला. तळाची तेल गाळायची जाळी पेट्रोलमध्ये धुतली, तिच्यातही तेच कापसाचे तंतू. कापडाने काहीच पुसलं नाही, नुसती हवा मारली. नव्या ऑइलमध्ये माझ्याजवळची ‘घर्षण कमी करणारी’ बाटलीही ओतू दिली नाहीत, कारण आतल्या शंकूच्या आकाराच्या ‘कोन’ क्लचला पकड लागते.

व्हॅनगार्डचं इंजिन तुमच्या हातचं असणं समजू शकतो. त्याच घराण्याचं इंजिन जुन्या फर्ग्युसन ट्रॅक्टरला होतं आणि तुमची उमेदवारी निफाड-पिंपळगावकडे ट्रॅक्टरांखालीच गेली. पण ट्रॅक्टरला ओव्हरड्राइव्ह नसतो. तो कुठे शिकलात, असं विचारलं तर म्हणे, “तेलाचा रस्ता शोधायचा, अजून काय.”

विल्होळीच्या पुढे हायवेवर स्विच टाकून पाहिला, काढून पाहिला. लागतो तसा सुटतो.

बिलात ऑइल आणि मजुरी, बस. गिअरबॉक्स उतरवून चौपट बिल लावलं असतंत तरी आम्ही मुकाट्याने दिलं असतं, आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. खरे आभार त्याचेच.

दिवाळीआधी जाळी धुवायला येतो. त्या वेळी चहाचे पैसे तरी मला देऊ द्या. काकूंना नमस्कार.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गंगापूर रोडचा व्हॅनगार्डवाला