टोचनच्या गाडीची हवा कोण बघणार?

महोदय,
शिरवळला हायवेलगत माझं टायरचं दुकान आहे. खंबाटकी घाटात बंद पडलेल्या गाड्या ओढणारे टोचनवाले माझ्याकडे येतात, मागच्या जोडचाकांवर टॉमी (लोखंडी दांडा) आपटतात, आवाज ऐकतात आणि निघतात. झाली हवा चेक! आतल्या चाकात हवा कमी असेल तर भार बाहेरच्या चाकावर येतो, ते तापतं आणि फुटतं. टॉमीच्या आवाजावरून हे कळत नाही.

मागे गाडी टांगली की पुढचा अ‍ॅक्सल हलका होतो, स्टेअरिंगची पकड सुटल्यासारखी वाटते. त्यात मागची हवा कमी असली तर टायरच्या बाजू लचकतात आणि वळणावर गाडी झोलते. मग ‘स्टेअरिंगमध्ये प्ले आलाय’, म्हणजे ते ढिलं झालंय, म्हणून मेकॅनिककडे धाव. आधी हवा मोजायचं गेज लावा की! तेही निघण्यापूर्वी, टायर थंड असताना. पळून तापलेल्या टायरमध्ये हवा वाढलेली दिसते. ती काढून टाकणारे महाभागही रोज भेटतात.

गाडी ओढायच्या वर्दीवर निघण्याआधी सगळ्या चाकांची हवा गेजने मोजून नोंदवणं टोचनच्या गाड्यांना सक्तीचं करावं. आणि टोलनाक्यांवर एक तरी चालू गेज ठेवावं.

– एक टायरवाला, शिरवळ