उजनीचा प्राणवायू पहाटे मोजा

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, गेले की सोलापुरात एकच चर्चा सुरू होते: नळाला पाणी किती दिवसांनी येणार? 63.66 टीएमसी मृतसाठ्याचा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. त्या पाण्यात प्राणवायू किती उरला, हे मात्र कुणी विचारत नाही.

नदी खाडीला मिळते तिथे जे घडते, तेच उजनीच्या फुगवट्यात घडते. पुणे-पिंपरीचे सांडपाणी घेऊन आलेली भीमा दौंडच्या पुढे मंदावते, गाळ खाली बसतो, पाणी निवळते आणि ऊन मिळताच शेवाळ फोफावते. 1 किलो फॉस्फरसवर पोसलेले शेवाळ कुजताना सुमारे 140 किलो प्राणवायू खाते. तळाचा प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाने धरून ठेवलेला फॉस्फरसही सुटतो. म्हणजे सांडपाणी आज थांबवले, तरी पाणी काही वर्षे हिरवेच राहील. उशीर परवडत नाही तो यासाठी.

आता मोजणीचे. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री ओढून घेते. भरदुपारी काठावर घेतलेला नमुना लिटरला 8 मिलिग्रॅम दाखवतो. तिथेच सूर्योदयाआधी 2 भरू शकतो. 4 च्या खाली कटला-रोहू तगमगतात, चिलापी (तिलापिया) तेवढी तग धरते. म्हणून नमुना पहाटे, होडीतून, वरचा आणि तळाचा असा दुहेरी घ्यावा. 300 मिलीची बाटली एकही बुडबुडा न राहू देता भरावी आणि मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड-अझाइड ही प्राणवायू बांधून ठेवणारी रसायने होडीतच घालावीत. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर त्या पाण्यात मासा जगणार नाही. नमुना तसाच प्रयोगशाळेत नेला, तर वाटेतच आकडा बदलतो.

खरा उपाय वरच्या अंगाला आहे. केंद्राच्या 2017 च्या अधिसूचनेत सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांना बीओडीची (कुजणारी घाण किती प्राणवायू खाईल याच्या मापाची) मर्यादा आहे, फॉस्फरसची नाही. त्यामुळे नियमात बसणारे पाणीही उजनीला खत घालते. भीमा खोऱ्यातल्या प्रत्येक केंद्राला लिटरला 1 मिलिग्रॅम फॉस्फरसची मर्यादा घाला. हे साध्या तुरटीनेही साधते: 1 किलो फॉस्फरसला कागदावर 10 किलो, प्रत्यक्षात 15 ते 20 किलो. गाळ वाढेल, त्याच्या विल्हेवाटीचा खर्च निविदेतच धरावा. नाहीतर तुरटी सोडणारे डोसिंग पंप महिन्याभरात बंद पडतात.

जलपर्णीवर तणनाशक मारू देऊ नका. ती बुडून कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही जातो. उपसलेली जलपर्णी काठावर टाकली, तर पहिल्या पावसात तिचा रस परत पाण्यात येतो. ती पूररेषेबाहेर न्यावी लागते.

पहाटेचे आकडे ठिकाण, खोली आणि वेळेसह दर आठवड्याला जाहीर व्हावेत. सुरुवात येत्या मार्चपासून करावी, कारण पाणी तापून वरचा थर तळापासून तुटतो तो तेव्हाच.

आपले,
सोलापुरातील पाणी-अभ्यासक