‘आत्महत्येची दारं’ हा शब्द मागे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला फोर्ड कंपनीच्या लिंकन कॉन्टिनेन्टलवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदानं, कारण या गाडीवर मराठीत पानभर मजकूर येईल असं कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्यांदा मात्र रागानं. १९६१ च्या गाडीच्या उलट्या उघडणाऱ्या मागच्या दारांना लेखकानं ‘आत्महत्येची दारं’ म्हटलं आहे. तेही चार वेळा, आणि त्यातलं एकदा उपशीर्षकात, ठळक अक्षरांत.

इंग्रजीत ‘सुइसाइड डोअर’ म्हणतात हे मलाही ठाऊक आहे. तो तिकडच्या गॅरेजमधला जुना शब्द आहे. पूर्वीच्या गाड्यांच्या दाराच्या कड्या कच्च्या असत, पट्टे नसत. मागे बिजागरी असलेलं दार चालत्या गाडीत सुटलं की वारा ते फाडकन उघडायचा आणि ते धरायला गेलेला माणूस बाहेर फेकला जायचा. तो शब्द त्या गाड्यांचा. १९६१ च्या कॉन्टिनेन्टलमध्ये दार नीट लागलं नसेल तर चालकासमोर दिवा लागत असे. याबद्दल लेखात अवाक्षर नाही. आणि शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करायची सक्ती आपल्यावर कुणी केली? पन्नाशीच्या दशकातल्या फियाटची पुढची दारं अशीच उलटी उघडत. मुंबईकरांनी तिला डुक्कर फियाट म्हटलं, पण आत्महत्येची फियाट कुणी म्हटलं नाही. ‘उलटी उघडणारी दारं’ एवढं सरळ मराठी आपल्याजवळ आहे.

मला हा शब्द का लागला ते सांगतो. १९९७ च्या उन्हाळ्यात माझी आई इथे मिशिगनला आमच्याकडे आली होती. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, नेसण नऊवारी. माझ्या गाडीत बसणं हा तिला रोजचा छळ होता. आधी डोकं वाकवायचं, मग अंग तिरपं करून आत लोटायचं, मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचा. पंधरा दिवसांत तिनं ‘मी घरीच बरी’ म्हणायला सुरुवात केली. एवढ्या लांब आलेली आई खिडकीशी बसून दिवस काढते, हे मला बघवत नव्हतं.

शेजारचे गृहस्थ विक्समच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. कॉन्टिनेन्टल तिथेच बनायची. प्रत्येक गाडी बाहेर पाठवण्याआधी १२ मैल रस्त्यावर चालवून बघत. ते काम त्यांनी काही वर्षं केलं होतं. त्यांच्याकडे १९६४ ची स्वतःची कॉन्टिनेन्टल होती. एका रविवारी आम्ही ट्रॉयच्या देवळात निघालो होतो. आईची धडपड त्यांनी अंगणातून पाहिली, काही न बोलता आत गेले, किल्ली घेऊन आले आणि मागचं दार उघडून उभे राहिले. आई दारापाशी गेली, वळली, आणि घरच्या ओट्यावर बसावं तशी बसली. दार तिच्या पाठीमागे होतं, समोर पायाला अडणारं काही नव्हतं. बसल्यावर पाय आत घेतले, झालं. मला म्हणाली, “हे दार कुणीतरी बसणाऱ्याचा विचार करून केलंय बघ.” त्या मुक्कामात ती सात वेळा देवळात गेली, सातही वेळा त्याच गाडीतून. शेजाऱ्यांना ती ‘भाऊ’ म्हणायची. आता दोघंही नाहीत. त्या दाराला तुम्ही आत्महत्येचं दार म्हणता, तेव्हा मला राग आवरत नाही.

आई बोलली ते खरंच होतं. गाडीचा नमुना बनवताना मागच्या सीटवरून उतरणाऱ्या इंजिनिअरांचे पाय दाराला लागत होते, म्हणून बिजागरी मागे नेली. १९६४ मध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १२३ इंचांवरून १२६ केलं, ते मागे बसणाऱ्याच्या पायांना जागा मिळावी म्हणून. ते तीन इंच माझ्या आईच्या गुडघ्यांच्या कामी आले. लेखात मात्र हा बदल ‘किरकोळ’ ठरवला आहे.

मुळात ही गाडी एका माणसाच्या हौशीतून निघाली. हेन्री फोर्डच्या मुलानं, एड्सेल फोर्डनं, १९३९ मध्ये फ्लोरिडातल्या सुट्टीसाठी स्वतःपुरती एक गाडी बनवून घेतली. कंपनीचे रेखाटनकार बॉब ग्रेगरी यांनी लिंकन झेफिर या गाडीच्या आराखड्यावरून ती रेखाटली. इंजिन बारा सिलिंडरचं, जादा चाक मागे उभं. ओळखीच्यांनी मागणी केली म्हणून ती विक्रीला आली. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं मोटारगाड्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा निवडलेल्या आठ गाड्यांत ती होती. एड्सेल ते पाहायला नव्हता, तो १९४३ मध्येच वयाच्या ४९ व्या वर्षी गेला. तुमच्या लेखानं त्याला एका ओळीत उरकलं आहे. १९५८ ते १९६० च्या अवाढव्य गाड्यांना मात्र दोन परिच्छेद! ती जागा एड्सेलची होती.

१९५६ ची कॉन्टिनेन्टल मार्क टू दहा हजार डॉलरच्या घरातली. जेमतेम तीन हजार बनल्या आणि कंपनीला प्रत्येक गाडीमागे तोटा झाला. तीही दोनच दारांची, म्हणजे चालवणाऱ्याचीच गाडी. मग रेखाटनकार एल्वुड एंगल यांनी फोर्डच्याच थंडरबर्ड गाडीसाठी केलेला नमुना कंपनीचे अधिकारी रॉबर्ट मॅकनमारांनी पाहिला आणि चार दारं करून तोच लिंकनसाठी घ्यायला लावला. नवी गाडी आधीच्या गाडीपेक्षा फुटाहून जास्त आखूड होती. क्रोमचा भडिमार गेला, सरळ रेषा आल्या. माझ्या मते कॉन्टिनेन्टल खऱ्या अर्थानं इथे मोठी झाली, कारण पहिल्यांदाच गाडीचा सगळा आकार मागे बसलेल्या पाहुण्याभोवती बेतला गेला. १९७० मध्ये ती दारं काढली आणि नेहमीसारखी बसवली. पुढच्या गाड्या आधी लांबत गेल्या, मग आखडल्या. १९८८ मध्ये पुढची चाकं ओढणारी, सहा सिलिंडरची गाडी आली आणि २००२ मध्ये नाव बंद पडलं. त्या काळाला लेखकानं ‘आधुनिकतेची वाटचाल’ म्हटलं आहे. मी त्याला घसरण म्हणतो. कंपनीलाही ते कळलं असावं. नाव परत आणल्यावर, ८० वर्षं झाली म्हणून त्यांनी ८० खास गाड्या काढल्या, त्या चेसिस सहा इंच वाढवून आणि मागची दारं पुन्हा उलटी करून. त्या हातोहात विकल्या गेल्या. २०२० मध्ये मात्र गाडी पुन्हा बंद झाली.

आणखी एक. राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली त्या कॉन्टिनेन्टलच्या फोटोखाली ‘डॅलसमध्ये होती त्याच अवस्थेत’ असं छापलं आहे. हे साफ चूक आहे. २२ नोव्हेंबर १९६३ ला ती गाडी गडद निळी आणि उघडी होती. नंतर तिला चिलखती पत्रा चढवला, कायमचं छप्पर बसवलं, पुढे काळा रंग दिला, आणि ती १९७७ पर्यंत राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यात धावत राहिली. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आज दिसते ती ही नंतरची गाडी. मी तिच्यासमोर उभा राहिलो आहे आणि तिथली पाटीही वाचली आहे. तुमच्या फोटोत काळं छप्पर स्पष्ट दिसतं. ओळ लिहिणाऱ्यानं फोटो एकदा तरी पाहायला हवा होता.

येत्या रविवारी दोन्ही दुरुस्त्या छापाव्यात, ही विनंती. पुरवणीत, त्याच जागी. आतल्या पानाच्या तळाशी नको.

शेवटी माझ्या आधीच्या पत्राविषयी. दिवाळी अंकाबद्दल मी लिहिलेलं पत्र तुम्ही छापलंत, त्याबद्दल आभारी आहे. पण त्यातली कौतुकाची चार वाक्यं ठेवून मुद्रणदोषांची तक्रार सगळी गाळलीत. वाचणाऱ्यांना मी नुसता खूश दिसलो, आणि गावाकडच्या मित्रानं फोन करून विचारलं, ‘तू कधीपासून असं लिहायला लागलास?’ या वेळी जागा कमी पडली तर मार्क टूचं काढा, केनेडींचंही काढा. आईचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक
कॅन्टन, मिशिगन (मूळ गाव वाई)