एक जून आणि दवाखान्याचा संगणक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३६ वर्षं नोकरी केली. त्या काळातल्या एका पापाची कबुली द्यायची आहे. पहिलीत घालायला पोर घेऊन बाप यायचा. जन्मतारीख विचारली की म्हणायचा, "दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या साली. शाळू काढणीला आला हुता बघा." मी जनरल रजिस्टरात लिहायचो, १ जून १९७४. शाळा जूनमध्ये सुरू, सहा वर्षं पूर्ण, विषय संपला. मी एकट्यानेच नाही, महाराष्ट्रभरच्या गुरुजींनी हेच केलं. दरवर्षी १ जूनला मोबाइलवर वाढदिवसांचे जे विनोद फिरतात ते आमच्याच कृपेने. ती तारीख दाखल्यावरून आधारवर गेली आणि आधारवरून आता आभा या सरकारी आरोग्य कार्डावर.

१९८० साली पहिलीत आलेले माझे दोन विद्यार्थी, भावकीतलेच. नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही सारखी. जन्मतारीख मी दिलेली, तीही सारखी. गावात कधी घोटाळा झाला नाही, कारण एक मळ्यातला आणि दुसरा चावडीजवळचा.

गेल्या महिन्यात मळ्यातल्याला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. मी सोबत होतो. काउंटरवरच्या मुलीने नाव आणि जन्मतारीख टाकली, जुनी फाइल निघाली, तिने कागद छापून दिला. आत भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "रक्त पातळ व्हायची गोळी बंद केलीय ना?" हा म्हणाला, "हो." जन्मात त्याने तसली गोळी पाहिलेली नाही! आमची माणसं डॉक्टरांपुढे कशालाही हो म्हणतात. त्याआधी नर्सनेही "तुम्ही अमुकच ना?" म्हणून विचारलं होतं. त्यालाही होच, आणि ते खोटंही नव्हतं.

मी कागद मागून घेतला. रक्तगट बी पॉझिटिव्ह. ह्याचा ओ, रक्तदान शिबिराचं कार्ड पाकिटातच होतं. फाइल चावडीजवळच्याची, त्याला स्टेंट बसवलेली आहे, ती गोळी त्याची.

डॉक्टर म्हणाले, रक्त द्यायची वेळ आली तर गट नव्याने तपासतोच. ते खरं. पण उलटं झालं असतं तर? स्टेंटवाल्याच्या नावाने ह्याची फाइल उघडली असती, तर गोळीचं कोणी विचारलंच नसतं. एका माणसाच्या दोन फाइली झाल्या तर बहुतेक वेळा तपासण्या दोनदा होतात, पैसे जातात. दोघांची मिळून एक झाली की जिवावर बेततं. शिवाय ह्याचे त्या दिवशीचे रिपोर्टही त्याच फाइलीत चढले होते. ते वेगळे करायला सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस यावा लागेल, असं आम्हाला सांगितलं.

आभा नंबर १४ अंकी, ज्याचा त्याचा वेगळा, हे मान्य. पण तो सक्तीचा नाही, आणि काढलेला असला तरी घरात मोबाइल नंबर एकच, तो पोराचा. पोरगा पुण्याला. ओटीपी तिकडे जातो आणि पोरगं कंपनीच्या गेटवर फोन जमा करून कामावर गेलेलं असतं. मग काउंटरवर पुन्हा नाव आणि जन्मतारीखच.

म्हणून दवाखान्यांना माझी विनंती आहे. जन्मतारीख १ जून किंवा १ जानेवारी दिसली की तिच्यावर भिस्त ठेवू नका. आईचं नाव विचारा, आमच्या ह्या दोघांच्या आया तरी वेगळ्या आहेत. आणि "तुम्ही अमुकच ना?" असं विचारू नका. "तुमचं पूर्ण नाव सांगा, गाव सांगा" म्हणा आणि माणसाला बोलू द्या. याला नवं मशीन लागत नाही.

ऑपरेशन झालं, पोरगा बरा आहे (५० च्या पुढे गेला तरी मला तो पोरगाच). परवा टाके काढायला गेलो तेव्हा मी काउंटरवर म्हटलं, नावापुढे 'मळा' लिहा. ती मुलगी म्हणाली, "सर, तसा रकानाच नाही."

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक,
ता. तासगाव, जि. सांगली