नाशिकच्या अंबडमधल्या वायरमन भाऊंना, त्या चिकटपट्टीबद्दल

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र उघडंच लिहिते आहे.

गाडीच्या डॅशबोर्डवर ऑक्झिलरी बॅटरीचा, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या जोडीला असलेल्या छोट्या बॅटरीचा, इशारा आला की बहुतेक ठिकाणी ठरलेला कार्यक्रम होतो: स्कॅनर लावा, कोड वाचा, बॅटरी बदला, कोड पुसा. आमच्या गाडीलाही तेच झालं. नवी बॅटरी बसली, इशारा परत आला, आणि शहरातल्या एका चकचकीत वर्कशॉपने अल्टरनेटरचं कोटेशन हातात ठेवलं. तोपर्यंत व्होल्टेज कोणीही मोजलं नव्हतं. याचा राग अजून गेलेला नाही. साधा मल्टिमीटर आणि दहा मिनिटं, एवढंच तर लागत होतं.

तुम्ही इंजिन चालू ठेवून पुढच्या मोठ्या बॅटरीच्या टर्मिनलवर मोजलंत: १४.२ व्होल्ट. तसेच मागे येऊन डिकीतल्या छोटीवर मोजलंत: १३.१. दोन्ही बॅटऱ्यांना चार्ज करणारा अल्टरनेटर एकच. मोठीला १४.२ मिळत असतील तर त्याचा काही दोष नाही. “अल्टरनेटर ठणठणीत आहे, व्होल्टेज वाटेत खाल्लं जातंय,” एवढं एकच वाक्य बोललात, आणि अख्खं कोटेशन तिथेच निकालात निघालं.

ही छोटी एजीएम प्रकारची, म्हणजे आतलं ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली, सीलबंद बॅटरी. तिला पुरतं भरायला १४ च्या वर व्होल्टेज लागतं. १३.१ वर ती लगेच मरत नाही, पण नीट भरतही नाही. त्यात आपल्या शहरातलं चालवणं: मुंबई नाका, द्वारका, प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद, पुन्हा चालू. स्टार्टर फिरताना मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज दहाच्या आसपास येतं, तेवढा वेळ बाकीची यंत्रणा छोटीने सांभाळायची असते. अर्धपोटी बॅटरी तिथेच कोसळते आणि इशारा येतो. नवी टाकली तरी आठवडाभरात तीही अर्धपोटीच राहणार.

मग व्होल्टेज नेमकं कुठे खाल्लं जातंय ते तुम्ही शोधलंत. मीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर, लाल प्रोब छोट्या बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, काळी बॉडीच्या उघड्या पत्र्यावर, इंजिन चालू. इथे ०.१ व्होल्टच्या आत असायला हवं. आलं जवळजवळ पूर्ण १ व्होल्ट. आधीच्यांनी हीच अर्थची वायर, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडणारी वायर, मीटरचा बीपर लावून ‘ओके’ ठरवली होती. बीपरमधून नाममात्र करंट जातो, एक तार शाबूत असली तरी तो वाजतो. जोडाचा खरा दोष करंट वाहत असतानाच दिसतो. हे गाडीचं काम करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावं.

अर्थचा नट सोडवला तर खाली तपकिरी गंज. टेललाइटच्या गॅस्केटमधून पावसाचं पाणी आत येऊन स्टेपनीच्या खड्ड्यात साचत होतं. इगतपुरीच्या पावसातून नेहमी ये-जा करणाऱ्या गाडीला दुसरं काय होणार? आधी मोठ्या बॅटरीची निगेटिव्ह काढलीत, मग छोटीची. पॉलिश पेपरने पत्रा आणि लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) दोन्ही चकचकीत केलेत, नट आवळलात आणि पेट्रोलियम जेली नंतर वरून लावलीत, जोडाच्या मध्ये नाही. गॅस्केटही बदललंत, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. नवी बॅटरी बसवताना कुणीतरी तिची व्हेंट नळी लोंबकळत सोडली होती, तीही जागेवर लावलीत. डिकी म्हणजे बंद जागा, बॅटरीचा गॅस बाहेर जायलाच हवा. त्यासाठी ना कुणी सांगितलं होतं, ना पैसे ठरले होते.

शेवटी गाडी झोपल्यावरचा करंट, म्हणजे सगळं बंद असताना बॅटरीतून जाणारा. डिकी उघडीच, पण कुलपाचा खटका स्क्रूड्रायव्हरने फिरवून बंद केलात, म्हणजे गाडीला डिकी लागल्यासारखं वाटावं. अर्धा तास हात लावला नाहीत. २२ मिलिअँपिअर. ५० च्या आत म्हणजे बरोबर. मग आठवणीने हँडल ओढून खटका उघडलात आणि मगच झाकण लावलंत. घाईतला माणूस तसंच आपटून खटका वाकवतो.

पण हे पत्र ज्यासाठी लिहिते आहे ते यातलं काहीच नाही. कागदी चिकटपट्टीचा वीतभर तुकडा फाडून तुम्ही त्यावर मार्करने लिहिलंत: तारीख, मोठी १४.२, छोटी १४.१, अर्थ ड्रॉप ०.०३, झोप २२. आणि तो बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलात. विचारलं तर म्हणालात, “पुढच्या वेळी मी नसेन कदाचित. जो कोणी उघडेल त्याला पहिल्यापासून सुरुवात करायला नको.”

जो माणूस तुमचं गिऱ्हाईक घेऊन जाईल, त्याचंही काम तुम्ही हलकं करून ठेवलंत. आमच्याकडून वेगळे पैसे येणार नव्हते, कौतुकही होणार नव्हतं, झाकणाखालची पट्टी कोण बघतो? उलट, आकडे मनात ठेवले असते तर आम्ही दर वेळी तुमच्याकडेच आलो असतो. नाशिकमध्ये अंबडला, सातपूरला, पंचवटीच्या गल्ल्यांत असे हात आहेत, बाहेर पाटीही नसते त्यांच्या. बिल देतात तेव्हा त्यात काय केलं तेही सांगतात. लोकांना एवढंच हवं असतं हो, की कुणीतरी नीट मोजावं आणि खरं सांगावं.

आधी काढलेली जुनी बॅटरीही तुम्ही भंगारात जाऊ दिली नाहीत. चार्ज करून रात्रभर ठेवलीत, मग पाच वॅटचा बल्ब जोडून पाहिलीत. दहा मिनिटांनी १२.४ व्होल्ट. “हिला काही झालेलं नव्हतं,” म्हणालात. नवीचे पैसे गेले ते गेले. जुनी आता घरी आहे. महिन्याकाठी एजीएम मोडवर चार्ज करायची, हे लक्षात आहे.

मोठ्या बॅटरीची लोड टेस्ट दिवाळीनंतर करून घ्या म्हणाला होतात. त्यासाठी येतोच आहोत. तोवर मनापासून आभार.

आपली,
इंदिरानगरची एक गाडीवाली