तो कागद मोठ्याने वाचायचा असतो

संपादक महोदय,

मी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे आणि मला एका कागदाबद्दल लिहायचंय. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेली सर्जिकल चेकलिस्ट, एक पान, १९ मुद्दे. लोकांना वाटतं काही विसरू नये म्हणून केलेली यादी आहे, ते खरंय पण अर्धंच. कोणी कधी थांबायचं आणि कोणी बोलायचं हेही तो कागद ठरवतो. भूल द्यायच्या आधी, चिरा द्यायच्या आधी आणि पेशंटला बाहेर न्यायच्या आधी. चिऱ्याआधी तर सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं, ऐकायला पोरकट वाटतं, पण एकदा तोंड उघडलेलं असलं ना की पुढे काही खटकलं तर अगदी नवीन मुलगीसुद्धा बोलते. "सर, थांबा, मॉपचा (रक्त टिपायच्या कापडी घड्यांचा) काउंट जुळत नाहीये" हे सर्जनना सांगायला सुरुवातीला माझी जीभ रेटायची नाही, हातात कागद असला की विचारणं हे माझं कामच असतं आणि सरांनाही त्यात कमीपणा वाटत नाही.

८ शहरांतल्या ८ हॉस्पिटलांत हे करून बघितलं तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं, २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालंय. विमानातही बऱ्याच चेकलिस्ट अशाच, एक पायलट वाचतो आणि दुसरा बघून उत्तर देतो.

आता माझी तक्रार. मी आधी जिथे होते तिथे हा फॉर्म कम्प्युटरवर गेला आणि स्क्रीन कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. एकटी नर्स टिक करणार, बाकीचे आपापल्या कामात, कधी कधी तर केस संपल्यावर सगळ्या टिक एकदम. फाइल पूर्ण, ऑडिटला एकदम ओके, पण कोणी थांबलं नाही की कोणी एकमेकांशी बोललं नाही, आणि हे फाइलमध्ये कुठेच दिसत नाही! कम्प्युटरला माझा विरोध नाही, स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी समोर लावा, मोठ्याने वाचायला लावा, आणि ऑडिटवाल्यांनी फाइल मागण्याआधी चिऱ्याच्या वेळी दोन मिनिटं थिएटरमध्ये येऊन उभं राहावं.

आपली,
एक थिएटर नर्स